पाळकबाबांविषयी तक्रार

१० नोव्हेंबर १८७९, सोमवार

आज शाळा सुरू झाली. चौदा मुलं येतील असं सांगितलं होतं, सतरा आली. प्रार्थनेची खोली, म्हणजे टेकडीच्या पोटात खणलेली एकच लांब खोली, तीच शाळा. खिडकी एक, तीही तेल लावलेल्या कागदाची. पाट्या सहा. स्पेलिंगची पुस्तकं चार, त्यांतल्या एकाला पहिली आठ पानं नाहीत.

हे सगळं मी लिहून ठेवणार आहे. उद्या माझ्यावर काही आलं तर माझ्याकडे लेखी असावं. आमच्या घरात कागदावर काही लिहिणारी मी पहिलीच. आईबाबा केंटकीत गुलाम होते; मालकाने त्यांना अक्षराला हात लावू दिला नाही, आणि सुटका झाल्यावर पोटामागे धावताना त्यांना वेळ मिळाला नाही.

ठरलं आहे ते असं. तीन महिने शाळा चालवायची. फेब्रुवारीत काउंटीचे इन्स्पेक्टर येऊन पाहणार. त्यांना पटलं तर आमच्या सुटून आलेल्या लोकांच्या या वस्तीला कायमची शाळा मिळेल. नाही पटलं तर मार्चपासून मुलं नांगरामागे, आणि मी परत टोपिका शहरात लोकांचे कपडे धुवायला.

वस्तीतर्फे शाळेचे प्रमुख पाळकबाबा आहेत, ओबडाया क्रेन. वय साठीच्या आसपास, आवाज असा की खोलीची माती झडावी. दिवसभर ते मागच्या बाकावर बसून होते. टोपी गुडघ्यावर, नजर माझ्यावर. जाताना म्हणाले, "बाई, उद्या ते 'बी' आणि 'डी' पुन्हा एकदा घ्या. बारक्यांच्या ध्यानात नाही राहिलं."

मी बारक्यांना एकेक करून विचारलं. सगळ्यांना येत होतं. म्हणजे बारक्यांचं नाव पुढे करून मला सांगायचं होतं की शिकवणं जमलं नाही.

१४ नोव्हेंबर

पाचही दिवस पाळकबाबा मागच्या बाकावर. मी राहते त्या केझाया मावशींना शेवटी विचारलं.

"मावशी, पाळकबाबा रोज शाळेत का येतात?"

"त्यांच्या खोलीत शाळा भरते. ते जातील कुठं?"

"त्यांना घर आहे की."

"घरात बायको आहे."

"मावशी, हसू नका. मला खरंच कळत नाहीये."

"मी कुठं हसतेय? मी सलगम सोलतेय."

माझं प्रमाणपत्र तिसऱ्या श्रेणीचं आहे. भागाकारात मी दोन गुणांनी वाचले होते. हे त्यांना कुणी कळवलं असेल का?

२० नोव्हेंबर

पुस्तकं चार आणि मुलं सतरा. मला वाटलं, मोठ्या मुलांना थोरलं पुस्तक, म्हणजे बायबल द्यावं. ते प्रत्येक घरात आहे, गोष्टी सगळ्यांना ऐकून ठाऊक आहेत. ओळखीचं वाचायला सोपं जाईल.

पाळकबाबांनी ऐकताक्षणी मान हलवली. "थोरलं पुस्तक रविवारचं. शाळेत ते यायचं नाही."

"पण बाबा, मुलांना ते ओळखीचं आहे. लवकर वाचू लागतील."

"म्हणूनच नको."

मी हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. देवाच्या पुस्तकापासून मुलांना दूर ठेवणारा पाळक मी आजवर पाहिला नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज प्रार्थनेत पाळकबाबांनी पुराची गोष्ट वाचली. ते वाचतात तेव्हा पाणी चढताना दिसतं, हे मला मान्य करायला हवं. केझाया मावशींनी दोन्ही पाय बाकावर घेतले.

घरी येताना झिल्फाने माझा हात ओढला. ती आठ वर्षांची, माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. "बाई, पुराची गोष्ट पुस्तकाच्या सुरुवातीला असते ना?"

"हो."

"मग बाबांनी मधलं पान का उघडलं होतं? मी पुढेच बसले होते. त्या पानावर सगळी गाणीच होती."

मी तिला गप्प केलं. पण हे मीही पाहिलं होतं. घरी आल्यावर पुष्कळ विचार केला आणि मला एकच कारण सुचलं. त्यांनी ते मुद्दाम केलं. नवी शिक्षिका आगाऊ आहे का, भर प्रार्थनेत पाळकाची चूक काढते का, ते पाहायचं होतं. मी बोलले नाही ते बरं झालं.

१ डिसेंबर

शुक्रवारी एक स्पेलिंगचं पुस्तक नाहीसं झालं. आज सकाळी पाळकबाबांनी ते कोटाच्या आतून काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"तपासत होतो," म्हणाले.

स्पेलिंगच्या पुस्तकात तपासायचं काय असतं? चौथ्या पानावर चरबीच्या दिव्याचा नवा डाग आहे.

शिवाय कोपऱ्यातल्या पाटीवर कुणीतरी 'बी' आणि 'डी' ची रांगच्या रांग काढून ठेवली होती, निम्मी उलटी, जाणूनबुजून वेडीवाकडी. माझ्या धड्याची टिंगल. मी वर्गाला विचारलं, कुणी कबूल होईना. झिल्फाकडे जरा जास्त वेळ पाहिलं तर ती रडायला लागली. मग मला वाईट वाटलं. पाळकबाबा मागच्या बाकावर टोपीचा काठ चाचपत बसले होते. वर्गात खोडी झाली तर प्रमुखाने एक शब्द बोलायला नको का?

१२ डिसेंबर

फळ्यावर भागाकार चुकला. मी चटकन पुसला, पण पाळकबाबांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यांनी बोलून टाकलं असतं तर मला आज नीट जेवता आलं असतं.

१८ डिसेंबर

आता मला सगळं कळलं आहे.

सहा मोठी मुलं 'बे-कर' सारख्या, दोन तुकडे करून वाचायच्या शब्दांच्या पुढे गेली आहेत. मी त्यांना पुढचं पुस्तक द्यायचं ठरवलं. पाळकबाबा उठून उभे राहिले.

"सगळ्यांना बरोबर घेऊन चला, बाई. मागं राहिलेल्यासाठी थांबायचं असतं. केंटकीहून आम्ही असेच आलो."

"पण बाबा, मागे कुणीच राहिलेलं नाही."

"राहिलंय," ते म्हणाले आणि खाली बसले.

बोलणं ऐकायला गोड आहे. पण परिणाम काय होणार? फेब्रुवारीत इन्स्पेक्टर येतील, चौदा वर्षांच्या मुलांना दोन तुकड्यांचे शब्द घोकताना पाहतील आणि म्हणतील, इथे शिक्षण होत नाही. मग दोष माझा. मला काढतील आणि शाळा पाळकबाबा आपल्या हातात घेतील. रोज मागे बसून ते माझा धडा कसा चालतो ते पाहून ठेवत आहेत. खोली त्यांची, वस्ती त्यांची, शाळाही त्यांचीच व्हायला हवी आहे.

मावशींना हे सांगितलं. त्या मक्याची लापशी ढवळत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात फार खोल्या आहेत गं, पर्मेलिया. आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी लपून बसलेला."

५ जानेवारी १८८०

इन्स्पेक्टरांना पत्र लिहिलं. तीनदा खरडा केला. पाच मुद्दे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं, ऐकीव काही नाही. खाली पूर्ण नाव घातलं. निनावी तक्रार करणं मला खोटं बोलण्यासारखं वाटतं.

७ जानेवारी

रेल्वेच्या गावाला गाडी चालली होती, तिच्याबरोबर पत्र दिलं. गाडीवान म्हणाला, "घरी आईला का?" मी हो म्हणाले. हे खोटं का बोलले, मला माहीत नाही.

१५ जानेवारी

दुपारी हिमवादळ आलं. दाराबाहेर हात पसरला तर बोटं दिसत नव्हती. पाळकबाबांनी मुलांना एका दोराला धरायला लावलं आणि दोन खेपांत सगळ्यांना घरी पोचवलं. मग माझ्यासाठी सूर्यफुलाच्या वाळक्या दांड्यांचा भारा घेऊन परत आले. दाढीवर बर्फ साचला होता. शेगडीत दांडे सारून ते आपल्या बाकावर जाऊन बसले.

"आज तीन तुकड्यांचे शब्द राहिले, बाई."

खोलीत मुलं नव्हती. कुणासाठी घेऊ? माझ्या कामातलं काय राहिलं, याचा हिशेब हा माणूस वादळातही ठेवतो.

तरी वादळ ओसरेपर्यंत मी ते शब्द फळ्यावर लिहून एकेक वाचून दाखवले, कारण दोघांनी गप्प बसून राहणं फार अवघड झालं होतं. ते ओठ हलवत होते. मला पत्राची आठवण होत होती. मी खोटं काही लिहिलेलं नाही. आज हे मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

इन्स्पेक्टर आले. लिहिणं कठीण आहे, पण जसं झालं तसं लिहिते.

गोरा, किडकिडीत माणूस, बूट गुडघ्यापर्यंत ओले. बोलणं सभ्य. सगळी वस्ती भिंतीला टेकून उभी होती. गोरा माणूस कागद घेऊन आला की आमचे लोक असेच उभे राहतात. हात बाजूला, चेहरा कोरा. झिल्फाने न अडखळता वाचलं. मोठ्यांनी गणितं केली. त्यांनी तिघांना पुढचं पुस्तक वाचायला दिलं, तिघेही अडले. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

मग कोटातून घडी केलेला कागद काढला. घडीवरूनच मी तो ओळखला.

"हे तुमच्या शाळेच्या प्रमुखांविरुद्ध आलं आहे," ते म्हणाले. "पाठीमागे काही करायची माझी पद्धत नाही. मिस्टर क्रेन, मोठ्याने वाचा आणि सगळ्यांसमोर उत्तर द्या."

पाळकबाबांनी कागद घेतला. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले, जमिनीवरच्या पावलांच्या खुणा पाहावं तसे. मग तो माझ्यापुढे धरला.

"बाई, तुम्ही वाचा."

मला वाटलं, त्यांनी अक्षर ओळखलं. माझ्याच तोंडून वाचून घेऊन मला सगळ्यांसमोर उभं करणार. एखादा मुद्दा गाळावा असंही मनात आलं. पण लिहिलेलं एक आणि वाचलेलं दुसरं, असं करून आमच्या लोकांना आजवर किती जणांनी फसवलं आहे. मी ते करू शकत नव्हते. मी वाचलं.

"एक. शाळेचे प्रमुख रोज मागच्या बाकावर बसून शिक्षिकेवर पाळत ठेवतात. दोन. शाळेची पुस्तकं न विचारता घरी नेतात. तीन. थोरलं पुस्तक शाळेत आणण्यास मनाई करतात. चार. पुढे गेलेल्या मुलांना पुढे जाऊ देत नाहीत."

केझाया मावशी माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांना कळलं होतं.

"पाच. स्वतः शास्त्राबाबत बेपर्वा आहेत. प्रार्थनेत पुराची गोष्ट वाचताना त्यांच्यापुढे पुस्तकाचं भलतंच पान..."

इथे मी थांबले. हे वाक्य मीच लिहिलं होतं. तीनदा खरडा केला होता. त्याचा अर्थ मला आज, ते तोंडातून बाहेर पडताना कळला.

"थांबू नका, बाई," पाळकबाबा म्हणाले. "ओळ पुरी करा."

मी ओळ पुरी केली. खालचं नावही वाचलं. पर्मेलिया टॉलिव्हर, शिक्षिका.

"खरं आहे," ते म्हणाले. "पाचही. मला वाचता येत नाही."



"बाकावर बसलो तो शिकायला. पुस्तक नेलं ते गिरवायला. 'बी' आणि 'डी' दोन्ही माझ्या नावात आहेत, आणि दोन्ही मला एकसारखी दिसतात. थोरलं पुस्तक नको म्हणालो, कारण पोरं ते वाचायला लागतील त्या दिवशी मला धरतील. एकीने धरलंच, वाटतं." झिल्फा आईच्या मागे सरकली. "आणि वर्ग थांबवला तो..." इथे ते मोठ्या मुलांकडे वळले. "तो माझ्यासाठी. ते चुकलं. मोठी पोरं माझ्यापायी दोन महिने मागं राहिली. त्याची मी माफी मागतो."

"मग इतकी वर्षं प्रार्थना कशी चालवलीत?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मालकीणबाई रविवारी मोठ्यानं वाचायच्या. मी खुर्चीमागं उभा राहून पंखा हलवायचो. सात वर्षांचा होतो तेव्हापासून तेवीस वर्षं. पानं मला कधी दिसली नाहीत, फक्त अंबाडा दिसायचा. ऐकलेलं ठेवत गेलो."

"आता काही वाचता येतं?"

"छापलेलं. थोडं. हे हातानं लिहिलेलं नाही येत."

इन्स्पेक्टरांनी स्पेलिंगचं पुस्तक उघडून पुढे केलं. पाळकबाबांनी शब्दाखाली बोट ठेवलं. ज्या आवाजात पूर चढतो त्या आवाजात त्यांनी तीन शब्द वाचले, आणि चौथ्यावर अडकले. सतरा मुलं पुढे झुकली. सगळ्यांना तो शब्द येत होता. एकानेही सांगितला नाही. घामाचा थेंब त्यांच्या नाकावरून पानावर पडला. मग तो शब्द आला.

इन्स्पेक्टरांनी वही मिटली. "उत्तर टपालाने येईल," एवढंच म्हणाले आणि गेले. माझं पत्र टेबलावरच राहिलं.

घरी केझाया मावशींनी ताट माझ्यापुढे ठेवलं, स्वतः बसल्या नाहीत. "तुला संशय होता ना, मग त्यांना विचारायचं. मला विचारायचं. आमच्यात भांडायचं. त्या माणसाच्या टेबलावर नेऊन कशाला ठेवलंस? आता तो म्हणेल, यांचा पाळक अडाणी आणि यांची बाई चुगलखोर. कशाला हवी यांना शाळा?"

मी ताट उचलून ठेवलं आणि हे लिहायला बसले.

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. पाळकबाबांनी थोरलं पुस्तक मिटूनच टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून सांगायला सुरुवात केली. लोक नेहमीइतकेच आले होते. मी मोजले.

परत येताना मावशी दोन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "आम्हाला माहीत होतं, बरं का. त्यांची पान उलटायची वेळ कायम चुकायची."

"मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?"

"पानाकडे कोण बघतंय? आम्ही ऐकायला जातो."

मला वाटायचं की हातात पुस्तक असलं म्हणजे माणूस वाचतोच. आमच्या घरात पुस्तक धरणारी मी एकटी, आणि मी वाचायचे. दुसरं काही असू शकतं हे मला सुचलंच नाही. त्यापेक्षा कटकारस्थान सुचलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल टपाल आलं. वस्तीला शाळा मंजूर झाली. खाली दोन ओळी वेगळ्या होत्या: मोठ्या मुलांना ताबडतोब पुढचं पुस्तक द्यावं, आणि शिक्षिकेची नेमणूक शाळेच्या प्रमुखांच्या सहीने व्हावी. ठेवायचं की नाही हे त्यांच्यावर.

मी माझी पेटी भरून ठेवली होती. सकाळी पाळकबाबा मावशींच्या दारात उभे राहिले. एका हातात नेमणुकीचा कागद, दुसऱ्या हातात माझं पत्र.

"मिस्टर क्रेन," मी म्हणाले. बाबा म्हणायला जीभ वळेना. "मी माफी मागायला येणारच होते."

"कशाची? लिहिलेलं खरं होतं. त्याच्याकडे पाठवलंत, ते मला आवडलं नाही. ते कधीच आवडणार नाही." ते टेबलापाशी बसले आणि पत्र उलगडून हाताने सपाट केलं. "छापलेलं मी बारक्यांबरोबर शिकेन. मोठ्यांना जाऊ दे पुढं. पण हातानं लिहिलेलंही यायला हवं. पत्रं येतात, करार येतात. लिहिलेलं म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे."

"मी दुसरं लिहून देते. तुम्ही सांगाल ते लिहून देते."

"दुसऱ्यात मला चाचपडावं लागेल. यातलं मला पाठ आहे. एकदा ऐकलंय ना."

मावशी चुलीशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने कळलं नाही.

ही शिक्षा आहे की क्षमा, मला ठरवता येईना. दोन्ही असेल, किंवा त्यांना खरोखरच फक्त वाचायचं असेल. यापुढे मी अंदाज बांधणार नाही, असं ठरवलं होतं. तरी बांधत होतेच.

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. आवाज रविवारचा, भरदार. रोज मागच्या बाकावर बसून पाळत ठेवतात, पुस्तकं न विचारता घरी नेतात, सगळं एक शब्दही न चुकता, थेट माझ्या नावापर्यंत. बोट अजून पहिल्या ओळीच्या मध्यावर होतं.

"बाबा," मी म्हणाले, "हे वाचणं नव्हे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर बाई लागते."

मी त्यांचं बोट धरून पहिल्या शब्दाखाली आणून ठेवलं.